दोन हातांचा चाकू

ला फाज, रविवार, ९ मार्च २००३

दादा,

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन बाबांच्या खुर्चीला चिकटून आहे आणि बाबांचे कान अजून ठणठणीत आहेत, म्हणून. तूसुद्धा उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. पाकिटावर पोस्टवाल्या ओदेतचं नाव घाल. ती मला गोठ्यात आणून देईल. बापाच्या चोरून भावाला पत्र लिहायची वेळ आली, यावरून काय ते समज.

शुक्रवारी बाबांना लागलं. उजव्या अंगठ्याला, चांगलं खोल. चारच्या सुमारास मी गोठ्यातून घरात शिरले तर बाबा टेबलापाशी उभे, अंगठ्याला फडकं, फडकं लालभडक. देलवाल माझ्याकडे पाठ करून नळाखाली काहीतरी धूत होता. मी विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, "सॉसेज कापताना घसरला. आरडाओरडा करू नकोस." देलवाल हात पुसून वळला. त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेला आणि पाच टाके घालून आणलं.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण ते गेल्यावर बाबांचा कोट खुर्चीवर राहिला होता. मी खिशातला त्यांचा चाकू काढला. तोच, शिंगाच्या मुठीचा, पाठीच्या पोलादी कमानीवर माशी कोरलेला, आजोबांचा. मिटलेला. कोरडा. नखाच्या खाचेत खिशातली लव भरलेली, पात्याच्या फटीत जुना भुगा. दादा, ज्या चाकूने अंगठा कापला म्हणे, तो महिनाभर उघडलेलाच नव्हता.

देलवाल तुला माहीत नसेल, तू तीन वर्षांत फिरकलाच नाहीस. उत्तरेकडचा आहे, सेहेचाळीस वर्षांचा. तिकडचा कारखाना बंद पडला म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे गडी म्हणून लागला. कामाला वाघ, बोलायला दगड. त्याच्याकडे एक काळा चाकू आहे, नव्या पद्धतीचा. पात्याला बारीक खुंटी असते, ती अंगठ्याने लोटली की एका हाताने खट्‌कन उघडतो, आणि आतली पोलादी पट्टी सरकून पातं जागच्या जागी अडकवते. मग ती पट्टी बाजूला दाबल्याशिवाय मिटतच नाही. तसला चाकू आपल्या टेबलावर आधी कुणी काढला नव्हता.

आणि आता खरी गोष्ट ऐक. घरच्या कर्त्याने कापायचा तो पाव आपल्या घरात देलवाल कापतो. गेला महिनाभर. बाबा पाव त्याच्यापुढे सरकवतात आणि तो खालच्या अंगाला क्रूस काढून, काळ्या चाकूने, आम्हाला तुकडे देतो! बाबांनी आपला चाकू मिटला की जेवण संपलं आणि घास तोंडात असला तरी उठायचं, ही आपली लहानपणापासूनची रीत. आता बाबा चाकू काढतच नाहीत. सूप पितात, डावा हात खिशात घालून बसतात, जणू खिशात कुठला कागद आहे आणि तो कुणी पळवणार आहे. मग आपणच उठून जातात. दर गुरुवारी दोघं गाडीने खाली शहरात जातात. कशाला? "गवत बघायला." मार्चमध्ये!

कुठेतरी पाणी मुरतंय. देलवालला काढावं तर पंचवीस मेला कळप वर कुरणात न्यायचाय, आणि बासष्ट गाई मी एकटी नेऊ शकत नाही. तो गेला तर कळप विकावा लागेल, हे तुलाही कळतं. आणि ठेवावा तर मला माझ्या बापाची भीती वाटते, म्हणजे बापासाठी.

रेजी


पॅरिस, १४ मार्च

रेजी,

पत्र वाचून गल्ल्यावरच बसून राहिलो. बायको म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, अजून कुणी नाही.

गडी पाव कापतो! आपल्या आजोबांनी धर्मगुरूलासुद्धा पाव कापू दिला नव्हता. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय.

आता चाकूंबद्दल मला सांगू नकोस. माझ्या कॅफेत रोज संध्याकाळी आपल्याकडची निम्मी म्हातारी मंडळी बसतात आणि रोज हाच वाद असतो. माझ्या नव्या आचाऱ्याकडेही तसलाच कळीचा चाकू आहे. तो म्हणतो, "मालक, तुमचे ते चाकू धोक्याचे. पात्याला कळ नाही, कधी बोटांवर मिटेल नेम नाही." मी त्याला म्हटलं, बाळा, धोका चाकूत नाही, धरणाऱ्यात आहे. आपल्या चाकूचं पातं फक्त पाठीमागच्या कमानीच्या जोरावर उभं असतं. उलटा जोर दिलास की तो मिटतो. म्हणून आपला माणूस उलटा जोर देतच नाही. तो कापतो, खुपसत नाही. खुपसायचंच झालं तर मुठीत दाभण असतं, आणि ते फुगलेल्या गाईच्या पोटातला वारा काढायला. पातं अडकवून ठेवायची गरज कुणाला लागते? ज्याला भोसकायचं असतं त्याला. आचारी हसला. हसू दे.

म्हणून एक विचारतो. जखम नेमकी कुठे आहे? चाकू सही करून जातो, रेजी. आपला चाकू मिटला तर पहिल्या बोटाच्या पाठीवर लागतो, कारण मुठीवर आडवी बोटंच असतात. माझ्या बोटावर तो व्रण आहे, तुझ्या आहे, बाबांच्या आहे, आपल्या पठारावर ज्याच्या बोटावर तो व्रण नाही तो बाहेरचा. पण आपण पातं मिटतो ते बाहेरून, तळव्याने. अंगठा पात्याच्या वाटेत येतच नाही. तेव्हा अंगठ्याच्या आतल्या बाजूला, पेरावर लागलं असेल, तर त्याचा अर्थ एकच. बाबांनी दुसऱ्याचं उघडं पातं हाताने धरलं. आणि माणूस दुसऱ्याचं पातं कधी धरतो हे मी लिहीत नाही.

गुरुवारी गाडी कुठे उभी असते ते बघ. शहराच्या चौकात असेल तर मृत्युपत्रं करणाऱ्या नोटरीच्या दारात असते का ते बघ. ऐंशीला टेकलेला म्हातारा आणि मिठ्ठास गडी, हे प्रकार मी इथे रोज ऐकतो.

आणि राग मानू नकोस, पण "कामाला वाघ" हे जरा जास्तच कौतुक झालं. तू त्याची बाजू घेत नाहीस ना?

जेरो


ला फाज, २२ मार्च

दादा,

आधी शेवटचं. मी एकावन्न वर्षांची आहे, माझ्या गुडघ्यांना वात आहे आणि दिवसभर माझ्या अंगाला शेणाचा वास येतो. मी कुणाची बाजू घेतेय का, हे विचारायला तुला कॅफेच्या गल्ल्यामागे बसून बरं सुचतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

आता विचारलंस ते. परवा मी पट्टी बदलते म्हणाले. बाबा नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. जखम अंगठ्यावरच आहे, आतल्या बाजूला, पेराच्या मांसल भागावर आडवी. बोटाच्या पाठीवर तो जुना व्रण आहे तेवढाच, नवीन काही नाही. मी बघतेय हे बाबांनी बघितलं आणि हात ओढून घेतला.

गुरुवारी मी ओदेतच्या गाडीत बसून शहरात गेले. लाज वाटली, तरी गेले. आपली गाडी चौकात, नोटरीच्याच इमारतीसमोर. देलवाल गाडीला टेकून उभा, बाबा आत. पाऊण तासाने बाहेर आले. देलवालने त्यांना हात दिला, बाबांनी झिडकारला, मग पुन्हा धरला. घरी आल्यावर मी सहज विचारलं, "गवत कसं होतं?" बाबा म्हणाले, "महाग." देलवालला एकटा गाठून विचारलं, तर म्हणाला, "मालकांना विचारा." ताकास तूर लागू देत नाही मेला.

आणि मी आणखी एक केलं. काल तो वरच्या अंगाला कुंपण नीट करायला गेला होता, कोट गोठ्यात खुंटीला. मी त्याच्या कोटात हात घातला आणि तो काळा चाकू काढून आणला. स्वयंपाकघरात दोन्ही चाकू शेजारी शेजारी ठेवले.

खरं सांगू? बाबांच्या चाकूने सॉसेज कापलं तर चकत्या कागदासारख्या पडतात, पातं पातळ आहे, हातात बसतं. पण उघडायला एका हाताने मूठ आवळायची, दुसऱ्याच्या नखाने खाच ओढायची. कमान इतकी ताठ की माझं नख तुटलं. काळा चाकू जाडा, सॉसेज चिरडतो, पण सुतळी एका झटक्यात तोडतो, आणि उघडताना दुसरा हात बादलीला धरलेला असला तरी चालतो. मिटणं मात्र मला जमलं नाही. कुठली पट्टी, कुठे दाबायची! शेवटी मूठ गुडघ्यांत धरून, एका हाताने पट्टी जेवणाच्या काट्याने दाबून, दुसऱ्याने पातं लोटून कसाबसा मिटला.

आणि मिटताना दिसलं. पट्टीच्या मागे, बिजागरीच्या कोपऱ्यात, तपकिरी खपली. काट्याच्या टोकाने खरवडली, पाण्यात टाकली. पाणी गुलाबी झालं.

मी चाकू पुसून परत त्याच्या कोटात ठेवला. रात्रभर माझ्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून झोपले. बाबांच्या दाराला कोण लावणार?

रेजी


पॅरिस, २७ मार्च

रेजी,

आता आणखी काय हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला. जखम त्याच्या चाकूची, रक्त त्याच्या चाकूत, गाडी नोटरीच्या दारात.

मी काझालला फोन केला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता आपल्या ठाण्याचा प्रमुख आहे. तो सोमवारी येईल. तू काही बोलू नकोस, फक्त कोट कुठे टांगतो ते दाखव. बाबा नाही म्हणतील. म्हणू दे. घाबरलेला माणूस नाहीच म्हणतो.

कळपाचं नंतर बघू.

जेरो


ला फाज, ५ एप्रिल

दादा,

देलवाल गेला. आता तुझं समाधान होवो.

काझाल जेवणाच्या वेळीच आला. चाकू मागितला, देलवालने काढून दिला. काझाल म्हणाला, "मालकांना या चाकूने लागलं?" देलवाल बाबांकडे बघत राहिला. काझाल बाबांना म्हणाला, "उर्बँकाका, तुम्ही सांगा." बाबा म्हणाले, "माझं मी कापून घेतलं." "ह्याच्या चाकूने?" बाबा खिडकीकडे बघायला लागले. "काका, त्याने तुम्हाला काही केलं का?" तर म्हणे, "मी काय बोललो ते बोललो." तुला बाबा माहीत आहेत. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मग मी बोलले. पाव, गुरुवार, नोटरी, रक्त, सगळं. देलवालने सगळं ऐकून घेतलं. त्याने एकदाच तोंड उघडलं. बाबांना म्हणाला, "मालक?" एवढंच. बाबांनी मान वळवली नाही.

काझाल म्हणाला, तक्रार कुणी करत नाही तर मी काही करू शकत नाही, चाकू तेवढा घेऊन जातो. मी देलवालला म्हटलं, तुम्ही आजच निघा. तो वर गेला, पिशवी भरून खाली आला, गोठ्याची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "राखाडी गाय तीन दिवसांत व्याईल. वासरू आडवं आहे असं वाटतंय." ताटात सूप तसंच होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. चोराला हाकलताना चोराने बापाकडे असं बघितलेलं मी कधी ऐकलं नाही. बाबा तेव्हापासून जेवायला टेबलावर येत नाहीत, खोलीत नेऊन द्यावं लागतं. राखाडी व्याली. वासरू आडवंच होतं. मी आणि ओदेतने ओढून काढलं.

रेजी


पॅरिस, १० एप्रिल

रेजी,

उत्तम केलंस. बाबा रुसतील, मग विसरतील.

आता थंड डोक्याने विचार कर. तुझे गुडघे, बाबांचं वय. मी इथे एका गुरांच्या व्यापाऱ्याशी सहज बोलून ठेवलंय. आपल्याकडचाच आहे, प्रामाणिक. तो मेच्या सुरुवातीला कळप बघायला येईल. पंचवीस मेची चिंताच नको मग. बाबांना माझं नाव सांगू नकोस इतक्यात.

जेरो


ला फाज, १९ एप्रिल

जेरो,

दादा लिहायला हात उठत नाही. व्यापाऱ्याशी "सहज" बोलून ठेवलंस! आता मला कळलं, बाबा कुणाला घाबरत होते. तुला.

बस आणि नीट वाच.

मंगळवारी काझाल चाकू परत द्यायला आला. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "रेजीन, मी ठाण्यावर दोन आठवडे त्या चाकूकडे बघत होतो. मग माझाच अंगठा बघितला." त्याने हात पुढे केला. तो शिकारीला जातो, त्याच्याकडेही कळीचाच चाकू असतो. त्याच्या उजव्या अंगठ्यावर, आतल्या बाजूला, पेराच्या मांसल भागावर, आडवा व्रण. बाबांच्या जखमेची जुळी बहीण.

"हा कुणी केला?" मी विचारलं. "मीच," म्हणाला, "पहिल्या आठवड्यात. बघ." आणि त्याने एका हाताने तो काळा चाकू उघडला आणि एका हाताने मिटून दाखवला. पट्टी अंगठ्याने बाजूला लोटायची. त्या क्षणी अंगठा बरोबर पात्याच्या वाटेत असतो. लगेच काढून घेतला नाही तर पातं त्याच्यावरच पडतं. "नवशिक्याची जखम आहे ही," तो म्हणाला. "तुम्ही लोक आयुष्यभर तळव्याने चाकू मिटता, म्हणून तुम्हाला ती वाचता आली नाही. मलाही आली नाही, मीसुद्धा इथलाच."

आपण साप म्हणून भुई धोपटली, जेरो. बाबांनी कुणाचं पातं धरलं नव्हतं. बाबा देलवालचा चाकू एका हाताने मिटत होते.

एका हाताने का, हे तू अजून विचारलं नाहीस. मीही महिनाभर विचारलं नव्हतं. मी तशीच वर गेले आणि बाबांना म्हटलं, "डावा हात खिशातून काढा." ते म्हणाले, "जा, काम कर." मी म्हटलं, "काढा बाबा." मी ओरडले बहुतेक. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, गोठ्यातून मेलेलं कोकरू उचलून बाहेर ठेवावं तसा. बोटं वळलेली, निळसर.

फेब्रुवारीत ते "ताप" म्हणून तीन दिवस खोलीत होते, आठवतं? मी तुला फोनवर सांगितलंही होतं. ताप नव्हता. गोठ्यात पडले होते. देलवालने उचललं, डॉक्टरला मागच्या दाराने आणलं. मेंदूतली रक्ताची गाठ, डावा हात गेला. नोटरीच्या वरच्या मजल्यावर एक बाई हाताला व्यायाम देते. गुरुवारी ते तिच्याकडे जायचे. हे मला चौकात उभं राहून वर मान केली असती तरी दिसलं असतं, मोठी पाटी आहे.

"मला का नाही सांगितलंत?" म्हटलं. तर म्हणाले, "तू दादाला सांगितलं असतंस. दादा व्यापारी घेऊन आला असता." मग म्हणाले, "आपला चाकू दोन हातांचा आहे, पोरी. ज्याला आपला चाकू उघडता येत नाही तो टेबलाच्या डोक्याशी कसा बसणार? मी म्हटलं, देलवालचा शिकून घेतो. एका हाताचा आहे. उघडता येत होता. मिटायलाही जमत आलं होतं. त्या दिवशी अंगणात तुझी पावलं वाजली आणि घाई केली."

माझी पावलं, जेरो. मी शिरले तेव्हा देलवाल नळाखाली तो चाकू धूत होता, मला दिसू नये म्हणून.

"आणि त्याला जाऊ दिलंत?" मी विचारलं. बाबांनी देलवालला फेब्रुवारीतच बजावलं होतं की एक शब्द बाहेर गेला तर त्याच दिवशी चालता हो. त्याने शब्द बाहेर जाऊ दिला नाही, आणि आपण त्याला चालता केला. बाबा म्हणाले, "तो मला मालक म्हणाला तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर मालक राहिलो नसतो. म्हणून बोललो नाही." आणि रडले. मी बाबांना आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

व्यापाऱ्याला सांग, रस्ता बंद आहे. आणि तुझ्यात काही शिल्लक असेल तर देलवालला शोध.

रेजी


पॅरिस, ६ मे

रेजी,

तुझ्या पत्रावर काय लिहायचं ते दोन आठवडे कळलं नाही. मी माझा चाकू आचाऱ्यासमोर काढत नाही आता. तो काही म्हणत नाही, तेच झोंबतं.

देलवाल सापडला. काझालने पत्ता लिहून घेतला होता, लिलजवळ बहिणीच्या घरी आहे. मी गाडीने गेलो. तो एका घोड्यांच्या तबेल्यात काम करतोय. मी सगळं बोललो, माफी मागितली, म्हटलं परत चला, पगार वाढवतो. तो फावडं न थांबवता ऐकत होता. मग म्हणाला, "मालक काय म्हणाले?" मी म्हटलं, त्यांना वाईट वाटतंय. तो म्हणाला, "म्हणजे गावात कुणाला माहीत नाही." मी मान हलवली. तो म्हणाला, "मग तिथे मी अजून म्हाताऱ्यावर चाकू चालवणाराच आहे." आणि पुढच्या घोड्याकडे गेला.

मी परत गाडीत जाऊन बसलो. गावभर कुजबूज पसरवली ती मीच, या गल्ल्यावर बसून. कॅफेतला प्रत्येक म्हातारा घरी फोन करतो.

मी वीस तारखेला येतो. बायको कॅफे बघेल. कळप वर न्यायला दोन पाय तरी जास्त होतील. बाबांना माझं नाव सांग.

जेरो


ला फाज, २७ मे

श्री. देलवाल यांस,

हे पत्र मी कुणाला न विचारता लिहितेय, म्हणून आधी रागावून फाडू नका, वाचून फाडा.

परवा रविवारी कळप वर नेला. तुम्ही बघितलेलं नाही, पण त्या दिवशी अख्खा गाव रस्त्यावर असतो. गाईंना घंटा बांधलेल्या, बॅंड, धर्मगुरू, खालच्या शहरातली माणसं. निघायच्या आधी बाबा पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मला वाटलं, "चला" म्हणतील. त्यांनी उजव्या हाताने डावा हात खिशातून बाहेर काढला आणि वर धरला.

ते म्हणाले, "बघा सगळ्यांनी. हा हात फेब्रुवारीत मेला. हे फक्त देलवालला माहीत होतं, आणि त्याने माझा शब्द ठेवला. माझा अंगठा मी कापला, त्याचा चाकू मिटता आला नाही म्हणून. आणि त्याला चाकूबाज ठरवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो. हे मी केलं. कुणी त्याचं वाईट बोललेलं मला ऐकू आलं तर त्याने माझ्या दारात पाऊल ठेवू नये." बॅंडवाले तोंडाला लावलेली वाद्यं तशीच धरून उभे.

मग शेजारचे आमांसकाका, त्यांच्याहून म्हातारे, काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "उर्बँ, तुझा हात आम्ही फेब्रुवारीतच बघितला. तू दाखवत नव्हतास म्हणून आम्ही बघितला नाही म्हटलं. त्या माणसाचं मात्र आम्हाला माहीत नव्हतं." आणि बाबांच्या शेजारी चालायला लागले. तेवढ्यावर कळप निघाला.

माझा भाऊ आता वरच्या झोपडीत गाईंबरोबर आहे. पहिल्याच दिवशी पावसात बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली. त्याच्या नावाने मी हसतेय, पण तो राहिलाय.

तुमची जागा तुमचीच आहे. पण बाबा बोलले ते तुम्ही यावं म्हणून नव्हे. ते म्हणाले, "तो आला नाही तरी हे खरंच राहील." तुमचा चाकू त्यांच्याकडे आहे. पाठवून देऊ का ते कळवा.

आता माझं. बाबा गप्प बसले, भावाने पोलीस बोलावला, पण तुमच्या कोटात हात मी घातला. आठ महिने तुम्ही माझ्याबरोबर गोठ्यात पहाटे चारला उठलात, माझे गुडघे दुखायचे तेव्हा न सांगता माझ्या वाट्याच्या बादल्या उचलल्यात, आणि मी तुम्हाला समोरासमोर एक सरळ प्रश्न विचारला नाही. "मालकांना विचारा" म्हणालात तेव्हा मालकांनाच विचारायचं होतं, ते सोडून मी खिसे चाचपले. मला तुमची लाज वाटते, म्हणजे तुमच्यासमोर उभी राहायची. माफ करता आलं तर करा.

रेजीन


लिल, ४ जून

मादाम,

पत्र मिळालं. बहिणीला वाचून दाखवलं. तिला गेले दोन महिने मी खोटं बोलतोय असं वाटत होतं, त्यामुळे बरं झालं.

माफ केलं. मालकांना पण सांगा. रस्त्यात उभं राहून बोलणं सोपं नाही.

मी परत येणार नाही. रागावून नाही. आलो तर एखाद्या दिवशी घरात काहीतरी सापडणार नाही, किंवा मालक पडतील, आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघाल. किंवा ठरवून बघणार नाही. ते मला जास्त जड जाईल. इथे घोडे आहेत, ठीक आहे.

राखाडीचं वासरू जगलं का ते कळवा. तिला उजव्या बाजूने धार काढलेली आवडत नाही, लाथ मारते. वरच्या कुंपणाचे दोन खांब कुजलेत, ओढ्याजवळचे, भावाला बदलायला सांगा.

चाकू पाठवू नका. मालकांनाच लागेल. मिटायचं मी त्यांना पुन्हा शिकवणार होतो, ते राहिलं. तुम्ही सांगा. पात्याची पाठ मांडीवर टेकवायची, पट्टी अंगठ्याने लोटायची, पातं जरासं सुटलं की तिथेच थांबायचं, अंगठा काढून घ्यायचा, आणि मगच मांडीवर दाबून पूर्ण मिटायचं. रोज दहा वेळा, बसून. घाई करू नका म्हणावं. कुणाची पावलं वाजली तर वाजू द्यावीत.

देलवाल